पार्किन्सनची गोळी आणि ऑनलाइन रमी

माझ्या यजमानांना २०१९ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पार्किन्सनचे निदान झाले. मेंदूत डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जाऊन हा आजार होतो, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत दिव्यांगत्वाचे जे २१ प्रकार गणले जातात त्यांत त्याचाही समावेश आहे. निदानानंतर डॉक्टरांनी, नातेवाइकांनी आणि इतर रुग्णांनी आम्हाला कंपाविषयी, ताठरपणाविषयी, बद्धकोष्ठतेविषयी, तोल जाण्याविषयी पुष्कळ सांगितले. जुगाराविषयी मात्र कोणी अवाक्षरही काढले नाही. या आजारावरील एका औषधवर्गामुळे काही रुग्णांना जुगाराची अनावर ओढ लागू शकते, हे वैद्यकशास्त्राला वीसेक वर्षांपासून ठाऊक आहे. आमच्या घरी ही माहिती पोहोचली तेव्हा अकरा लाखांहून अधिक रक्कम गेलेली होती. जे घडले ते मी यजमानांच्या संमतीने आणि त्यांच्याकडून वाचून घेऊन लिहीत आहे, कारण अशा घराने पुढे नेमके काय करायचे हे मराठीत लिहिलेले मला तेव्हा हवे होते.

यजमान साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात लेखा विभागात होते. पार्किन्सनमध्ये अक्षर आक्रसत जाते. त्यांचेही इतके बारीक होत गेले की वहीतील आकडे त्यांना स्वतःलाच लागेनासे झाले, आणि २०२२ मध्ये त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी एकरकमी हातात आली. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे दिवसा घरात ते एकटे असत. मुलगा बेंगळुरूला. संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावर जाणे त्यांनी हळूहळू बंद केले, कारण तिथे चहा येई आणि त्यांच्या हातातली कपबशी वाजू लागली की सगळ्यांचे बोलणे क्षणभर थांबे. मित्र चांगले होते, त्यांनी कधी काही बोलून दाखवले नाही. पण ते थांबणेच यांना सहन होत नसे.

रमी त्यांना लहानपणापासून येत होती. आमच्याकडे कोजागरीला पत्त्यांचा डाव मांडला जायचा, पैसे न लावता. कंप वाढल्यावर तेरा पाने हातात पंख्यासारखी धरणे त्यांना अशक्य झाले. पाने सटकत, उलटी पडत आणि समोरच्याला दिसत. मोबाइलवरच्या रमीत ही अडचण राहिली नाही. तिथे पाने आपोआप लावली जातात, एका बोटाने पान टाकता येते आणि समोर कोण बसले आहे हे कोणालाच दिसत नाही. ते फोन जेवणाच्या टेबलावर आडवा ठेवत, तो सरकू नये म्हणून त्याखाली घडी घातलेला पंचा ठेवत आणि कमी थरथरणाऱ्या डाव्या हाताच्या तर्जनीने खेळत. मी त्यांना असे खेळताना पाहिले होते आणि त्यांना विरंगुळा मिळाला म्हणून मला बरे वाटले होते. शरीराने ज्यांना घरात अडकवले आहे त्यांच्यासाठी हा खेळ किती सोयीचा करून ठेवला आहे, हे आज विचार करताना मला सर्वांत अस्वस्थ करते. आमच्या गावातली वाचनालयाची पायरी, बँकेचा काउंटर, एसटीची दारे यांतले काहीही त्यांच्यासाठी इतके सोपे कोणी केलेले नाही.

त्यांचे वय कमी असल्याने सुरुवातीला लेव्होडोपा हे पार्किन्सनवरचे नेहमीचे औषध न देता प्रॅमिपेक्सोल नावाची गोळी सुरू केली होती. लेव्होडोपा दीर्घकाळ घेतल्यावर अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होण्याची शक्यता असते आणि तरुण रुग्णांत ती अधिक असते, म्हणून पुष्कळ डॉक्टर आधी डोपामिन अ‍ॅगोनिस्ट, म्हणजे मेंदूत डोपामिनसारखे काम करणाऱ्या, वर्गातले औषध निवडतात. त्यात काही गैर नाही. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही त्या वर्गातली नेहमीची नावे. निवृत्तीनंतर काही महिन्यांनी कंप वाढला म्हणून डोस वाढवण्यात आला आणि जोडीला लेव्होडोपाही सुरू झाली. कंप खरोखरच कमी झाला. त्याच सुमारास ते रात्री उशिरापर्यंत जागू लागले, पहाटे उठून गूळ-शेंगदाणे किंवा घरात असेल ते गोड खाऊ लागले आणि जुनी भिंतीवरची घड्याळे काढून ती खोलून पुन्हा जोडत बसू लागले. या तिन्ही गोष्टींचे मूळ एकच असू शकते, हे ठाऊक होण्यासारखी माहिती आमच्यापाशी नव्हती. माहितीपत्रकात हा धोका छापलेला असतो; पण आपल्याकडे औषधाच्या दुकानातून पट्टी मिळते, कधी अर्धी कापून मिळते, आणि खोक्यातले ते पत्रक घरापर्यंत येत नाही.

उलगडा झाला तो प्राप्तिकराच्या कामात. जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरायचे होते. पार्किन्सनच्या उपचारखर्चासाठी तेव्हाच्या कायद्याच्या कलम ८० डीडीबीखाली वजावट मिळत असे, म्हणून मी डॉक्टरांचा दाखला आणि औषधांची बिले घेऊन करसल्लागारांकडे गेले होते. त्यांनी फॉर्म २६ एएस उघडला आणि जरा थांबून मला विचारले, ‘मॅडम, सर ऑनलाइन गेम खेळतात का?’ त्यात कलम १९४ बीएखाली कापलेल्या कराची नोंद होती. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतील निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर उगमस्थानीच कापला जाऊ लागला होता. हा हिशेब प्रत्येक कंपनीपुरता स्वतंत्र होई, त्यामुळे एका ठिकाणी जिंकलेल्या पैशांवर कर कापला गेला आणि बाकीच्या ठिकाणी त्याच्या कितीतरी पट हरलेली रक्कम वजा करण्याची सोय नाही, असा प्रकार होई. एकाच विवरणपत्रात एका बाजूला आजाराची वजावट आणि दुसऱ्या बाजूला जुगाराचे उत्पन्न होते, आणि दोन्ही एकाच गोळीशी जोडलेले होते. हे मला तेव्हा कळले नाही, करसल्लागारांनाही कळण्याचे कारण नव्हते.

घरी आल्यावर मी त्यांना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, ‘अगं, ते जिंकलेल्या पैशांचं आहे.’ त्या रात्री ते आणखी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाने फोनवरून समजूत घातल्यावर त्यांनी स्वतःच बँकेच्या खात्याचा उतारा माझ्यासमोर उघडला. मध्यरात्र उलटल्यानंतरच्या ओळीच ओळी होत्या: पाचशे, हजार, पुन्हा हजार, दोन हजार, मध्येच एकदा आठ हजार जमा, आणि पहाटेपर्यंत तेही गेलेले. दोन मुदत ठेवी मुदतीआधी मोडल्या होत्या आणि झटपट कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपवरून कर्जही काढले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातली एका रुपयाची तफावत शोधत बसणाऱ्या माणसाच्या खात्यात हे होते. ते म्हणाले, ‘खेळताना फार बरं वाटतं असंही नाही, पण न खेळता बसवत नाही. फोन लांब ठेवला तरी मनात पानंच लागत असतात.’ माझ्या रागाला आणि भीतीला त्या दिवशी पारावार नव्हता, पण या वाक्याने मला पहिल्यांदा असे वाटले की यात काहीतरी आजारासारखे आहे.

पार्किन्सनच्या एका स्वमदत गटाच्या ऑनलाइन बैठकीला मी अधूनमधून हजर असे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मी नाव न सांगता विचारले की कोणाच्या शुभार्थीला अशी काही सवय लागली आहे का. एका शुभंकर बाईंनी सांगितले की त्यांच्या यजमानांनी एका महिन्यात सहा मिक्सर मागवले होते आणि औषध बदलल्यावर ते थांबले. त्यांनीच मला सांगितले की औषधाचे नाव घेऊन डॉक्टरांना थेट विचारा, आणि गोळी मनाने बंद करू नका. ही दुसरी सूचना मोलाची होती, कारण पहिल्यांदा माझ्या मनात आले होते ते पट्टी उचलून फेकून देण्याचेच.

आम्ही पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे जायचो, आणि ज्या विभागात त्यांचे उपचार चालू होते तिथे या धोक्याबद्दल आम्हाला आधी सावध केले गेले नव्हते, याची तक्रार मी डॉक्टरांपुढे स्पष्ट शब्दांत मांडली. भेटीपूर्वी मी एक कागद तयार केला होता: कोणती गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, झोप, खाणे आणि घड्याळे यांतले बदल कधी दिसले, खात्यातील व्यवहार कधीपासून वाढले. डोस वाढल्याची तारीख आणि रात्रीचे व्यवहार सुरू झाल्याची तारीख यांत जेमतेम दोन महिन्यांचे अंतर होते. हा कागद डॉक्टरांच्या हातात दिल्यामुळे यजमानांना अनोळखी माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सगळे सांगावे लागले नाही, आणि दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांनाही नेमके दिसले. अशा प्रसंगातून जाणाऱ्या प्रत्येक घराला मी असा कागद तयार करायला सांगते.

विभागातील निवासी डॉक्टरांनी क्विप नावाची प्रश्नावली काढली. तिच्यात जुगार, खरेदी, खाणे, लैंगिक वर्तन, एखाद्या छंदात किंवा निरर्थक कामात तासन्‌तास गुंतणे आणि औषध गरजेपेक्षा जास्त घेणे यांबद्दल साधे प्रश्न असतात. जुगाराच्या प्रश्नाला यजमानांनी आधी ‘नाही’ असेच उत्तर दिले. डॉक्टरांनी आवाज न चढवता त्यांना विचारले, ‘काका, हाच प्रश्न मी काकूंना विचारला तर चालेल का?’ त्यांनी मान हलवली. रुग्णाने हे लपवणे स्वाभाविक आहे. लाज तर असतेच, शिवाय ओढ चालू असताना ती ओढ आहे हे त्यालाही जाणवत नाही. म्हणून हा प्रश्न शुभंकरालाही विचारला पाहिजे, आणि रुग्णाच्या परवानगीने, त्याच्या समोर विचारला पाहिजे. त्या तरुण डॉक्टरांनी तो ज्या रीतीने विचारला त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग मोठ्या डॉक्टरांनी समजावले. डोपामिन हालचालींसाठी लागते तसेच ते एखादी गोष्ट हवीशी वाटण्याच्या, बक्षिसाच्या अपेक्षेच्या यंत्रणेतही काम करते. पार्किन्सनमध्ये हालचालींच्या बाजूचे डोपामिन अधिक घटलेले असते आणि दुसरी बाजू सुरुवातीला बरीच शाबूत असते. प्रॅमिपेक्सोलसारखी औषधे डी३ या प्रकारच्या ग्राहकांवर (पेशीवरच्या ज्या जागांना चिकटून डोपामिन काम करते त्या जागांवर) विशेष जोर धरतात, आणि ते ग्राहक या दुसऱ्या बाजूला अधिक असतात. हालचालींना पुरेल एवढे औषध तिथे अति होऊ शकते. २००५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा अकरा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, त्यांतील नऊ जण प्रॅमिपेक्सोल घेत होते. २०१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातील ४६ केंद्रांतल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात १३.६ टक्के रुग्णांत आवेगावरचे नियंत्रण सुटल्याचा एखादा तरी प्रकार आढळला आणि ५ टक्क्यांत तो जुगाराचा होता. अ‍ॅगोनिस्ट घेणाऱ्यांत असे प्रकार १७.१ टक्के होते आणि न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. कमी वय, अविवाहित असणे, धूम्रपान आणि घराण्यात जुगाराचा इतिहास असणे या गोष्टींनी शक्यता वाढलेली दिसली. यजमानांनी हे सगळे लक्षपूर्वक ऐकले. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘म्हणजे मी असा नव्हतो ना?’ डॉक्टर म्हणाले, ‘तुम्ही असे नव्हता, आणि पुन्हा तसे व्हाल. पण वेळ लागेल आणि मधले दिवस कठीण जातील.’

ते दिवस खरोखरच कठीण गेले. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट एकदम बंद करता येत नाही. हळूहळू उतरवावे लागते, आणि तरीही काही रुग्णांना माघारीचा त्रास होतो. २०१० मध्ये या त्रासाचे वैद्यकीय वर्णन स्वतंत्रपणे झाले. घबराट, घाम, औदासीन्य, चिडचिड, अंगदुखी, औषधाची तीव्र इच्छा असे त्याचे स्वरूप असते, आणि लेव्होडोपा वाढवूनही तो शमत नाही. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे वेळापत्रक लिहून दिले आणि लेव्होडोपाचा डोस थोडा वाढवला. पहिले दोन टप्पे निभावले. तिसऱ्या टप्प्यानंतर ते मध्यरात्री घामाने डबडबून उठत आणि छातीवर हात ठेवून बसत. एकदा त्यांनी माझ्याकडे आधीची गोळी मागितली, आधी विनवून आणि मग ओरडून. आमच्या संसारात त्यांनी माझ्यावर आवाज चढवल्याचे मला आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तो टप्पा लांबवला, गोळीचा आणखी लहान भाग करून पुढचा उतार मंद केला. वेळापत्रक ठरल्यापेक्षा बरेच लांबले, आणि लांबले म्हणूनच ते पूर्ण झाले.

शरीराने त्याची किंमत वसूल केली. सकाळी अंथरुणातून उठताना त्यांना पुन्हा आधार द्यावा लागू लागला, सदऱ्याची बटणे लावणे पुन्हा माझ्याकडे आले, आणि लेव्होडोपाचा असर संपत आला की ते दाराच्या चौकटीत अडकल्यासारखे उभे राहत. डॉक्टरांनी विचारले होते की थोडे अ‍ॅगोनिस्ट ठेवून पाहायचे का. निर्णय यजमानांनी घेतला: ‘चालताना अडखळलो तर कोणी तरी धरेल. तिकडे अडखळलो तर कोणाला दिसतही नाही.’ मला वाटते, हा निर्णय प्रत्येकाचा वेगळा असू शकतो आणि तो रुग्णाचाच असला पाहिजे. डोस कमी करूनही काहींची ओढ सुटते, काहींना औषध पूर्ण थांबवावे लागते.

गोळी उतरत गेली तशी ओढ कमी झाली, पण खेळाची सवय आपोआप गेली नाही. म्हणून आम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले होते. त्यांनी आधी न्यूरॉलॉजिस्टशी बोलून घेतले, कारण मनोविकारांवरची बरीच औषधे डोपामिनला अडवतात आणि पार्किन्सन बळावतो. या दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणे अशा रुग्णांच्या बाबतीत अपरिहार्य आहे. आम्ही औषधाविना समुपदेशनावर भर दिला. खेळण्याची इच्छा कोणत्या वेळी होते हे त्यांनी टिपून ठेवायचे होते. बहुतेक नोंदी रात्रीच्या निघाल्या, किंवा दुपारी गोळीचा असर उतरून हालचाल थांबते त्या तासाच्या. त्या तासासाठी आम्ही फिजिओथेरपीचे व्यायाम ठरवले आणि माझ्या कॉलेजच्या वेळेत शेजारचे निवृत्त गुरुजी त्यांच्यासोबत बुद्धिबळ खेळायला येऊ लागले. सोंगट्या जड, लाकडी घेतल्या, पडू नयेत म्हणून.

मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रतीक्षागृहात चाकाच्या खुर्चीतल्या एका तरुणाची आई मला भेटली. अपघातात मणका दुखावल्यानंतर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून मिळालेल्या भरपाईतला मोठा भाग त्याने पैशांच्या खेळात घालवला होता. त्याच्या बाबतीत कोणत्याही गोळीचा संबंध नव्हता. दिवसभर घरात बसून राहणे, न थांबणाऱ्या वेदना, गेलेली नोकरी, हातात एकदम आलेली रक्कम, आणि आपण पुन्हा काही तरी कमावून दाखवू ही आशा, एवढे पुरेसे होते. यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आमच्याही घरात होती. त्यामुळे आमच्या बाबतीत दोष केवळ औषधाचा, असे मी म्हणत नाही; औषधाने ज्या दाराला धक्का दिला ते दिव्यांगत्वाने आणि एकटेपणाने आधीच किलकिले केलेले होते. औषधाचा प्रश्नही पार्किन्सनपुरता नाही. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात दिल्या जाणाऱ्या अ‍ॅरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये अशाच अनावर ओढीचा इशारा दिला आहे, आणि मानसिक आजार हाही कायद्याने दिव्यांगत्वच आहे.

पैशांच्या व्यवस्थेवरून घरात वाद झाला. माझ्या दिरांचे म्हणणे होते, ‘वहिनी, सगळं स्वतःच्या नावावर करून घ्या आणि त्यांना फोनही देऊ नका.’ त्यामागची काळजी खरी होती. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम १३ सांगते की दिव्यांग व्यक्तीला आपल्या आर्थिक व्यवहारांवर इतरांच्या बरोबरीने नियंत्रण ठेवण्याचा हक्क आहे. कायदा नसता तरी, ज्या माणसाकडून आजाराने एकेक गोष्ट काढून घेतली आहे त्याच्याकडून हीही काढून घेणे मला मान्य नव्हते. आम्ही दोघांनी बसून व्यवस्था ठरवली आणि ती त्यांनी स्वतः बोलून माझ्याकडून लिहवून घेतली. उरलेली ठेव संयुक्त नावावर, दोघांच्या सहीशिवाय मोडता येणार नाही अशी. त्यांचे एक वेगळे खाते, त्यात दरमहा ठरावीक रक्कम, तिचा हिशेब मी विचारायचा नाही. यूपीआय फक्त त्या खात्याला जोडलेले आणि त्याची दैनिक मर्यादा अगदी कमी. मुख्य खात्यावरच्या व्यवहारांचे संदेश दोघांच्या फोनवर.

हे करायला बँकेत गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. कंपामुळे सही जुळत नाही म्हणून त्यांचे धनादेश मागे परत आले होते आणि काउंटरवर त्यांना सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा सही करायला लावली होती. त्यानंतर ते शाखेत गेलेच नाहीत. सगळा व्यवहार फोनवर करू लागले. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदारासाठी साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आहे, पण त्यांना ती कोणी सांगितली नव्हती. जो माणूस पूर्वी शाखेत जाऊन कारकुनाशी दोन शब्द बोलून पैसे काढत असे, त्याला अपमानाने घरी बसवले आणि त्याच फोनवर रमीची जाहिरात होती. या वेळी व्यवस्थापकांनी नवी सही नोंदवून घेतली आणि ठशाची पद्धतही समजावून दिली.

खेळाची खाती बंद करण्याचे काम किचकट होते. प्रत्येक कंपनीला त्यांच्या नोंदवलेल्या ईमेलवरून लेखी कळवावे लागले. आम्ही त्यात आजाराचा आणि औषधाचा उल्लेख केला. काहींनी दोन दिवसांत खाते गोठवले. एकीकडून मात्र ‘परत या’ म्हणून बोनसचे संदेश येतच राहिले आणि स्वतःला रिलेशनशिप मॅनेजर म्हणवणाऱ्या मुलाचे फोन आले, जो यांची विचारपूस जवळच्या नातेवाइकासारखी करत असे. अधिक हरणाऱ्या ग्राहकांची अशी खास काळजी घेतली जाते, हे आम्हाला नंतर समजले. तो क्रमांक बंद केला. अ‍ॅपवरचे कर्ज मी आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेतून कमी व्याजाने कर्ज घेऊन फेडले. ते हप्ते अजून चालू आहेत. ज्या रकमेवर कर कापला गेला होता ती विवरणपत्रात दाखवणे भाग होते, तीही दाखवली.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा झाला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते आणि या व्यवसायाचा बराचसा आधार तोच होता. नव्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद बाजूला ठेवून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांचे पैसे फिरवण्यावर बंदी घातली. शिक्षा हे सारे करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. क्रिकेटच्या सामन्यांतून त्या जाहिराती गेल्या तेव्हा यजमान पुन्हा टीव्हीवर सामना पाहू लागले. बेकायदा दुवे मात्र आजही व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर फिरतात, आणि गोळीने लागलेली ओढ खेळ कायदेशीर आहे की नाही हे विचारत नाही. कायद्यामुळे डॉक्टरांचे काम कमी झालेले नाही. डोपामिन अ‍ॅगोनिस्ट लिहून देताना मराठीत छापलेला चार ओळींचा कागद हातात द्यावा आणि डोस वाढवल्यावर पुढच्या भेटीत पैसे, खरेदी, खाणे आणि रात्रीचा फोन यांबद्दल विचारावे, इतके तरी प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात व्हायला हवे, असे मी जिथे बोलता येईल तिथे बोलते. त्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, तपासणीचा खर्च येत नाही. घरात तातडीने मानसिक आधाराची गरज भासली तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. त्या कठीण रात्रींपैकी एका रात्री मी तो लावला होता.

प्रॅमिपेक्सोल आता पूर्ण बंद आहे. लेव्होडोपा दिवसातून अधिक वेळा विभागून घ्यावी लागते आणि तिच्या असराच्या टोकाला अंगाच्या अनैच्छिक हालचाली दिसू लागल्या आहेत, ज्या टाळण्यासाठी मुळात दुसरी गोळी निवडली होती. म्हणून मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या डीबीएस शस्त्रक्रियेसाठी त्यांची तपासणी सुरू आहे. या शस्त्रक्रियेनंतर औषधे कमी करता येतात आणि काहींची ओढही त्यामुळे सुटते, पण काही रुग्णांत ती नव्याने उद्भवल्याचेही आढळले आहे, असे आम्हाला तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्याच भेटीत सांगितले. यजमानांनी त्यांच्यासमोर रमीची सगळी हकिगत स्वतः सांगितली, तारखांसह. शस्त्रक्रिया करायची की नाही हे पुढच्या महिन्यातील भेटीनंतर ते ठरवणार आहेत.